डुकराचा उगम

आर्मास केस्तिला मास्तर आमच्या लोइमाकडच्या गावात जन्मभर व्याकरण शिकवत राहिले. लग्न करायचं राहून गेलं. निवृत्त झाल्यावर त्यांनी गावाकडे एकच मागणं मागितलं: वाचनालयात एक व्याख्यान. विषय, 'विभक्तीचा उगम'. विभक्तीला आमच्या भाषेत 'सिया' म्हणतात.

वाचनालयातल्या बाईंनी विषय फोनवरून दुकानदार काइनोला कळवला. 'विभक्तीचा' म्हणायचं झालं तर 'सियान', आणि 'डुकराचा' म्हणायचं झालं तरी 'सियान'च. कानाला काडीचा फरक नाही, लिहिताना मात्र डुकराला एक अक्षर कमी. काइनो स्वतः डुकरं पाळायचा. त्याने दुकानाच्या दारावर कागद डकवला: 'डुकराचा उगम'.

मास्तरांनी मोजक्याच खुर्च्या मांडल्या होत्या. पण पंचक्रोशीतले झाडून सगळे डुक्करवाले आले. शाळेतून बाकं आणावी लागली. मास्तरांना भरून आलं.

ते मनापासून बोलले. लॅटिनमध्ये विभक्तीला 'पडणं' म्हणतात, आपण 'जागा' म्हणतो. सिया म्हणजे जागा. बसायची, निजायची, शेवटी पुरायचीसुद्धा. कोणी उठून गेलं नाही. कॉफी अजून यायची होती.

"काही शंका?" मास्तरांनी विचारलं.

काइनो म्हणाला, "डुकरं कधी येणार?"

"कुठली डुकरं?"

"कागदावरची."

मास्तरांनी कागद मागवून वाचला. "यात एक अक्षर राहिलंय," ते म्हणाले.

"एकच ना?"

"एकच."

मग मागच्या बाकावरून लेम्पी सालोरान्ता बोलली. नवरा वारल्यापासून ती एकटीच डुकरं सांभाळायची. "मास्तर, माझी डुकरीण व्यायच्या आधी पेंढा ओढून निजायला जागा करते. तिला आम्ही सियाच म्हणतो. हे तुमच्यात बसतं का?"

"अगदी बसतं."

"बघायचीय?"

"कधी?"

"कॉफी झाली की."

मास्तर चांगले बूट घालूनच डुकरांच्या गोठ्यात गेले. तिथे बराच वेळ उभे राहिले. पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही. वसंतात दोघांनी चर्चमध्ये लग्न केलं आणि मास्तर तिच्या घरी राहायला गेले. वासाबद्दल ते कधी चकार शब्द बोलले नाहीत. नर डुकराला मात्र शेवटपर्यंत घाबरायचे.

ते गेले तेव्हा आम्ही लेम्पीला भेटायला गेलो. तिने कॉफी ओतली, खिडकीबाहेर पाहिलं आणि म्हणाली, "माणूस शांत होता."

आमच्याकडे याहून जास्त कोणी कोणाबद्दल बोलत नाही.