साडेसहा सेंटिमीटर

आमच्या दादाला माणसं मापांवरून आठवायची. नाव सांगून उपयोग नसायचा. छाती चाळीस, डावा खांदा उतरता म्हटलं की लगेच ओळख पटायची. मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याच शिलाईच्या दुकानात काज-बटणं आणि हातशिलाई करते, त्यामुळे त्याचा विक्षिप्तपणा वहिनीपेक्षा मीच जास्त सोसलाय. कुणी "मास्तर, अंदाजाने शिवा" म्हटलं की त्याचं डोकं फिरायचं. अंदाज हा शब्द त्याला शिवीसारखा लागायचा.

आणखी एक खोड होती. सैल झालेला कपडा आत घ्यायला आला, तर जास्तीचं कापड तो कधीच कापायचा नाही, शिलाईच्या आत तसंच ठेवायचा. शिवण जाड होते, इस्त्री बसता बसत नाही, कापून टाकू या, म्हणून मी कितीदा कटकट केली. तो म्हणायचा, "आज वाळला म्हणून माणूस काय कायमचा वाळला? उद्या भरेल. तेव्हा उसवून सोडता आलं पाहिजे."

लघवीतून रक्त जायला लागलं ते त्याने लपवलं. दुखत नाही ना, मग कशाला बोभाटा, असा त्याचा हिशेब. वहिनीच्या लक्षात आलं तेव्हा तिने त्याला अक्षरशः ओढत दवाखान्यात नेलं. तपासण्या झाल्या, सीटी स्कॅन झाला आणि डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की डाव्या किडनीत गाठ आहे, आणि दिसतेय ती कॅन्सरची. वहिनीने माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली. दादाने विचारलं, केवढी आहे?

साडेसहा सेंटिमीटर, डॉक्टर म्हणाले. मग स्टेज कशी ठरवतात तेही त्यांनी न कंटाळता समजावलं. गाठ सात सेंटिमीटरपर्यंत आणि किडनीच्या आतच असेल तर पहिली. सातच्या वर, पण आतच, तर दुसरी. भोवतालच्या चरबीत, मोठ्या शिरेत किंवा जवळच्या लसीकाग्रंथींत शिरली की आकार कितीही असो, तिसरी. फुप्फुसात, हाडांत, अशी लांब गेली की चौथी. आत्ता पहिली वाटतेय, पण किडनी काढून तपासल्याशिवाय पक्कं सांगता येणार नाही. शिवाय फुप्फुसात बारीक ठिपके दिसतायत. ते कशाचे आहेत हे इतक्या लहान आकारावरून कळत नाही, त्यांच्यावर लक्ष ठेवावं लागेल.

मी हे सगळं ऐकलं. दादाने साडेसहा आणि सात एवढंच ऐकलं.

दुकानात आल्यावर त्याने टेप उलटा केला. आम्ही इंचांत काम करतो. सेंटिमीटरची बाजू आमच्या टेपवर नुसतीच असते. त्याने चिंधीतून साडेसहा सेंटिमीटरचा गोल कापला आणि आरशाशेजारी टाचणीने लावला. येईल त्याला दाखवायचा. सात लागतात, ही अर्धा सेंटिमीटर कमी आहे, काढली की मोकळा. माझं टाळकं सटकलं. गाठ म्हणजे काय शर्टाची कॉलर आहे, डॉक्टर आणखी काय काय म्हणाले ते कानात शिरलं का, असं मी भर दुकानात विचारलं. तो शांतपणे म्हणाला, मशीनने माप घेतलंय. वहिनी त्याच्याच बाजूने बोलायला लागली, तेव्हा मी तोंड मिटलं. खरं सांगायचं तर त्या चिंधीवर माझाही जीव टांगलेला होता.

ऑपरेशन झालं, किडनी काढली. तपासणीचा निकाल आल्यावर डॉक्टर म्हणाले, गाठ साडेसहाचीच निघाली. दादाने विजयी चेहऱ्याने माझ्याकडे पाहिलं. पण डॉक्टरांचं बोलणं संपलं नव्हतं. गाठ किडनीच्या शिरेच्या एका फाट्यात शिरली होती, भोवतालच्या चरबीतही पोचली होती. स्कॅनमध्ये ते दिसलं नव्हतं. म्हणजे तिसरी.

"पण माप चुकलं नव्हतं ना?" दादाने विचारलं.

"नाही. माप बरोबर होतं."

दुसऱ्या दिवशी आरशाशेजारी नुसती टाचणी होती.

आता सगळी आशा त्या ठिपक्यांवर येऊन ठेपली. ते वाढले नाहीत तर निभावलं. दादा झरझर वाळत गेला. त्याच्या पँटी मी कमरेत घ्यायची, पुन्हा घ्यायची, आणि त्याच्या शिस्तीप्रमाणे सगळं कापड आत ठेवायची. कमरेमागे जाडजूड वळकटी झाली होती, खुर्चीत टेकलं की पाठीला टोचायची. तरी तो हात फिरवून बघायचा, आहे ना आत म्हणून.

पुढच्या स्कॅनमध्ये ठिपके वाढले होते, नवेही आले होते. ते किडनीतूनच आलेत, म्हणजे आता ही चौथी, असं डॉक्टरांनी सांगितलं. औषधांनी आजार थोपवून धरायचा प्रयत्न करू, पण पूर्ण बरं होण्याची खात्री मी देऊ शकत नाही, म्हणाले. ठिपके केवढे झालेत, हे दादाने विचारलंच नाही. वहिनी पदर तोंडाला लावून रडत होती.

दवाखान्यातून तो हट्टाने दुकानातच आला. माझ्या मशीनवर त्याची पँट होती, कमरेत नुकतीच घेतलेली. ती त्याने उचलली, उलटी केली आणि मोठी कात्री घेतली.

"अहो, राहू द्या आत," वहिनी म्हणाली. "परत लागेल ते."

"नाही लागणार."

त्याने शिलाईच्या कडेकडेने कात्री चालवली. कापड जमिनीवर पडलं, त्याकडे त्याने पाहिलं नाही, आणि इस्त्री करून दे म्हणून पँट माझ्या हातात दिली. मी इस्त्री फिरवली. आत काही उरलं नव्हतं, शिवण पटकन बसली.