गायकवाडांचा दुर्मिळ खडा

फॉस्फेटच्या टँकमधला गाळ कितीही उपसा, सोमवारी पुन्हा तळाला असतोच. आमच्या चाकणच्या पेंटशॉपमधले किस्सेही तसेच. त्यातले निम्मे गायकवाडांचे!

गायकवाड म्हणजे आमचे सगळ्यात जुने ऑपरेटर. मोटरसायकलच्या पेट्रोल टाक्या रंगवायच्या आधी फॉस्फेटमध्ये बुडवायच्या, हे त्यांचं काम. नाद मात्र दगड जमवण्याचा. एका प्रदर्शनात त्यांना निळसर-हिरवा, काचेसारखा खडा दिसला. विकणारा म्हणाला, "फॉस्फोफायलाइट. फार दुर्मिळ फॉस्फेट, साहेब!" 'साहेब' ऐकून गायकवाड पाघळले, आणि स्वतःची लाडकी मोटरसायकल विकून खडा घेऊन आले.

तळेगावला घरी वहिनींनी एकच अट घातली. "खरा निघाला तर घरात ठिवा. न्हाई तर तुमी बी भाईर!"

*

कॅन्टीनमध्ये खडा हातोहात फिरला. सुपरवायझर मोरेंनी तो उजेडात धरला, वास घेतला. "तुरटी हाय राव. दाढी झाली की फिरवा!"

गायकवाड दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत.

*

मग चिंचवडचा सराफ. त्याने भिंग लावलं, वजन केलं, कॅल्क्युलेटर पुढे ओढला.

"चांदीच्या अंगठीत बसवून आणा," तो म्हणाला. "चांदीचा भाव लगेच देतो!"

*

शेवटी आमची लॅब. मी जोशी मॅडमना गळ घातली, "मॅडम, माणसाचा संसार पणाला लागलाय."

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे गंज चढतो का, एवढंच तपासतात. मिठाच्या फवाऱ्यात दहा दिवस ठेवावा लागेल. आणि एका नगावर रिपोर्ट देत नाही. किमान तीन आणा!"

विकायला आणखी दोन गाड्या गायकवाडांकडे कुठून असणार?

*

पण मॅडम मनाने चांगल्या. त्यांनीच ओळखीच्या कॉलेजात एक्स-रे तपासणी करवून दिली. खडा खरा! गायकवाडांनी अख्ख्या शिफ्टला पेढे वाटले. मलाही भरून आलं, खोटं कशाला बोलू? तेवढ्यात मॅडमनी आमच्याच लाइनचा जुना रिपोर्ट काढला. टाक्यांवर रंगाखाली फॉस्फेटचा जो बारीक थर बसतो, त्यातही हेच फॉस्फोफायलाइट!

साक्षीदार म्हणून मला घेऊन गायकवाड घरी गेले आणि छाती फुगवून सांगू लागले, "अगं, जगात दुर्मिळ, आणि आमी रोज टाक्यांवर चढवतो! कंची बी मोटरसायकल घे, रंगाखाली ह्येच!"

वहिनींनी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला.

"म्हंजी जी इकली, तिच्यावं बी व्हतं?"