डोळा मेलेली जवारी

रिठदला ज्वारी कापणीला आली, की पहिला विळा लागण्याआधी पंचफुलाबाईला बोलावणं जायचं. कमरेला चिंध्या खोचून ती वावरात शिरायची, एकेका तासानं, पिकाच्या ओळीओळीनं, चालत कणसं न्याहाळायची आणि मनाला पटेल त्या धांड्याला चिंधी बांधायची. चिंधीचं कणीस बियाण्याचं. प्रत्येक घराच्या चिंधीचा रंग वेगळा. ही कणसं ती आपल्या घरी नेऊन, पेंड्या बांधून चुलीवरच्या आढ्याला टांगायची आणि सहा महिने धुरात राखायची. पेरणीच्या तोंडावर स्वतः बडवून, पाखडून ज्याचं त्याला फडक्यात बांधून द्यायची. त्याबद्दल दर घरामागं दोन पायल्या ज्वारी मिळे. नवरा लवकर गेला. पदरातल्या जगदेवला तिनं याच कामावर वाढवलं होतं.

तिची निवड कापणीच्या दिवशी होत नसे. कणीस पोटरीतून, शेंड्याच्या पानाच्या वेष्टनातून, बाहेर पडलं की तिचं वावरात येणं-जाणं सुरू व्हायचं. पिवळा फुलोरा शेंड्याकडून बुडाकडं उतरतो, त्याला सहा-सात दिवस लागतात. एकेका फुलाच्या पोटात मोहरीहून बारीक हिरवी गोळी असते. तिच्यावर पिवळी धूळ पडली तर ती फुगायला लागते, नाही पडली तर तिथं नुसता कोंडा. मग दाण्यात पाण्यासारखा चिक, चिकाचा हुरडा, हुरड्याचं पीठ. शेवटी दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका येतो. "आईनं नाळ तोडली," असं पंचफुलाबाई म्हणायची. त्या ठिपक्याआधी तोडलेला दाणा ती बियाण्याला घेत नसे.

शेजारचा लखीराम तिला चिडवायचा, "मामी, जगदेवसाठी पोरगी पाह्यली तवा इतकं नव्हतं पाह्यलं तुमी."

"पोरीत खोट असली तं ते बोलण्यात दिसते रे बाप्पा. दाणा कायी बोलते का?"

एकोणीसशे अठराच्या आश्विनात पाऊस फिरकलाच नाही. फुलोऱ्यातच ताटं करपली. निम्म्या फुलांत दाणा धरला नाही आणि धरला तो चिकातच चिमला. त्याच महिन्यात मानमोडीची साथ आली. घरटी एक-दोन माणसं गेली. जगदेव तापानं पडला आणि तिसऱ्या दिवशी संपला. त्याची बायको रुख्मिणी तेव्हा दोन महिन्यांची गरोदर होती.

सुतक फिटल्यावर पंचफुलाबाई चिंध्या घेऊन निघाली. गावभर फिरून तिला मोजकीच कणसं मिळाली. लखीरामचं वावर तेवढं नाल्याकाठी होतं, तिथं ओल टिकली होती. त्यामुळं आढ्याला टांगलेल्या पेंड्यांत त्याच्या लाल चिंधीची पेंडी सगळ्यांत मोठी होती.

माघात दौलतराव पाटलांनी पेव उघडलं. जमिनीच्या पोटातली चार वर्षांची ज्वारी वर आली आणि घरोघर वाटली गेली. पेवाच्या ज्वारीला एक कुबट, आंबूस वास असतो. भुकेल्या गावानं तो वास मनावर घेतला नाही. रुख्मिणीला मात्र ती भाकर तोंडाजवळ नेली की ओकारी यायची. फाल्गुनापर्यंत तिच्या गळ्याची हाडं दिसायला लागली. पोट तेवढं वाढत होतं.

पंचफुलाबाईनं आधी आपल्या घरची पेंडी सोडली. ती पंधरा दिवस पुरली. मग एका सकाळी तिनं लाल चिंधीच्या पेंडीतून दोन कणसं ओढून काढली.

ताटातली पांढरीशुभ्र भाकर पाहून रुख्मिणी म्हणाली, "आत्याबाई, हे जवारी कुठची?"

"आपलीच हाय."

"आपली तं सरली."

"तू खाय म्हटलं नं."

रुख्मिणीनं भाकर मोडली. वैशाखात ती बाळंत झाली. मुलगी झाली, अशक्त पण रडणारी. तोवर लाल चिंधीची अर्धी पेंडी संपली होती.

मृगात लखीराम बियाणं न्यायला आला. पंचफुलाबाईनं उरलेली कणसं बडवली होती आणि वजन भरायला फडक्याच्या तळाशी पेवाची ज्वारी घातली होती. पेवाचा दाणा दिसायला तसाच टपोरा. भाकरीला चालतो, पेरायला नाही, हे तिच्याइतकं गावात कोणाला ठाऊक होतं? पण दहातला एखादा तरी उगवेल, विरळ पिकाकडं कोण बघतं, अशी तिनं मनाची समजूत घातली. दोन्ही दाणे नीट कालवावेत एवढंही त्या दिवशी तिला सुचलं नाही.

लखीरामनं उगवतीकडून तिफण धरली आणि त्याच्या बायकोनं, हिरीबाईनं, चाड्यावर, बियाणं सोडायच्या तोंडावर, मूठ धरली. फडक्यातलं वरचं बियाणं आधी गेलं, तळाचं शेवटी. आठ दिवसांनी वावराची उगवतीकडची बाजू हिरवी झाली. मावळतीकडं काडीसुद्धा नव्हती.

बियाण्यावर कोणी शंका घेतली नाही. बियाणं पंचफुलाबाईचं होतं. लखीरामची म्हातारी आई, जिजी, बांधावर बसून म्हणाली, "बाई इटाळशी होती. अर्ध्या वावरात चोखी होती, अर्ध्यात बाहीर बसली."

हिरीबाई म्हणाली, "मी चार रोज आधीच न्हाली होती, जिजी. तुमीच तं पाणी तापोलं होतं."

पण विटाळाच्या हातानं पेरलेलं उगवत नाही, हे त्या गावात सगळ्यांनाच पक्कं ठाऊक होतं. लखीरामनं दुसऱ्या दिवशी तिला केनवडला माहेरी नेऊन घातलं. दुसरं बियाणं त्याच्याकडं नव्हतं, गावातही नव्हतं.

पंचफुलाबाईला हे विहिरीवर कळलं. दोन दिवस ती काही बोलली नाही. बोललं तर यापुढं गावातला कोणी आपल्या हातात कणीस देणार नाही, हे तिला दिसत होतं आणि घरात बाळंतीण होती. तिसऱ्या दिवशी लखीरामचं काडीमोडाचं बोलणं सुरू झाल्याचं कानावर आलं. ती खुरपं घेऊन थेट त्याच्या वावरात गेली. लखीराम आणि जिजी तिथंच होते.

तिनं आधी उगवतीचं एक रोप उपटलं. मुळाशी दाण्याचं रिकामं टरफल लोंबत होतं. मग मावळतीची माती उकरून तिनं एक फुगलेला दाणा काढला आणि नखानं उभा चिरला.

"पाय लखीराम. इथलं पीठ रोपानं खाल्लं. इथं पीठ तसंच हाय. पीठ म्हंजे शिदोरी. आन् हा कडेचा डोळा म्हंजे पोर. ताज्या दाण्यात पांढरा रायते, याचा भुरा पडला. शिदोरी राह्यली, पोर गुदमरलं."

"काहून?"

"पेवात गुदमरलं. पेरणीच्या लय आधी. हिरीच्या हातानं नाई मेलं."

"माह्या बियाण्यात पेवाची जवारी कोण घालीन, मामी?"

"म्या घातली. तुह्ये कणसं रुख्मिणीले खाऊ घातले."

लखीरामनं ते रोप तिच्या हातातून घेतलं. जिजीनं तोंड उघडलं, "तुह्या सुनेचं पोट भरलं, माह्या सुनेचं नाव घालोलं."

"दाणे म्या खराब केले जिजी, ते कबूल करून राह्यली. नाव तुमी घालोलं."

लखीराम एवढंच म्हणाला, "मागून घेतले असते तं म्या नाई म्हटलं असतं का?"

पंचफुलाबाई खुरपं उचलून घराकडं निघाली.

त्याच आठवड्यात लखीराम केनवडला जाऊन हिरीबाईला घेऊन आला. अर्धं वावर पडीकच राहिलं. त्या हिवाळ्यात पंचफुलाबाईला कोणाचंही बोलावणं आलं नाही. ज्यानं त्यानं आपापली कणसं निवडली, ज्याला जशी जमली तशी. ती पुढं सतरा वर्षं जगली आणि निंदणाला, वेचणीला जाऊन तिनं नात वाढवली. गावानं तिला वाळीत टाकलं नाही, कोणी वाकडं बोललंही नाही.

हिरीबाई मात्र तिच्याशी कधी बोलली नाही. पंचफुलाबाई समोरून येताना दिसली की ती पदर पुढं ओढून बाजूनं निघून जाई. पंचफुलाबाईनंही तिला कधी थांबवलं नाही.