कळवतो म्हणाले

दसरा झाला की आमच्या शिरूर कासारकडच्या वस्त्या ऊसतोडीला निघतात. तोडीला एकटा माणूस चालत नाही. दोघांची जोडी म्हणजे एक कोयता. त्या वर्षी आईची कंबर पार गेली होती. तरी अण्णांनी टोळी नेणाऱ्या मुकादमाला जोडीचा शब्द दिलेला, आणि मी अण्णांना बजावलेलं, मला नोकरी लागली की तुम्ही दोघांनी जायचं नाही.

मुलाखत नेमकी निघायच्या दिवशीच आली. मी एम.एस्सी., कंपनी परदेशातली, आणि रेंज फक्त शाळेच्या गच्चीवर. खाली ट्रॅक्टरच्या चाकावर नारळ फुटला, गाणी लागली. अण्णांनी ड्रायव्हरचा हात धरला.

"बंद कर बे ते! पोरीचं इंग्रजी चाललंय वर."

अख्खी टोळी चिडीचूप बसली. बायांनी लेकरांची तोंडं दाबून धरली. ते सगळं मला वरून दिसत होतं. पलीकडून विचारलं, ज्या कामासाठी तुम्ही अर्ज केलाय ते आता यंत्रंच करतात, मग तुम्हाला का घ्यायचं? मी पाठ केलेलं उत्तर दिलं. माझं मलाच ते पटलं नाही.

खाली आले तर मुकादम घड्याळ बघत उभा.

"काय म्हन्ले?" अण्णांनी विचारलं.

"कळवतो म्हणाले."

अण्णांचा चेहरा उतरला. मला बघायला आलेली स्थळंही पोहे खाऊन हेच म्हणून गेली होती. त्याचा अर्थ आमच्याकडे कुणाला फोडून सांगावा लागत नाही. मी चिडून म्हटलं, "कंपनीत तसं नसतं. ते खरंच कळवतात."

"शिकून लई दिवे लावले," मुकादम पुटपुटला. "चला, बसा."

आई पदर खोचून उठली. माझं डोकंच फिरलं. मी ट्रॉलीच्या फळीवर पाय ठेवला. "आई न्हाई, मी येते. अण्णा, तुमचा-माझा कोयता."

"उतर खाली."

"कावून? माझे हात मोडलेत का?"

अण्णांनी माझं मनगट धरून मला खाली ओढलं. उभ्या जन्मात त्यांनी असा हात लावला नव्हता. "तुला शिकवलं ते ऊस तोडायला न्हाई, माय. लोक थुंकतील माझ्यावर."

दोन बायांनी आईला काखेत हात घालून वर चढवलं. ती कण्हली, मग ओठ दाबून बसली. धडधाकट मी, शिकलेली म्हणून खाली उभी राहिले.