दरवर्षीची लाल अक्षरं

दसऱ्याला निकेतच्या फोनला उसंत नसायची. मीरा रोड ते भाईंदर, दुकानं, दवाखाने, क्लासेस, जिथले जिथले कॉम्प्युटर त्याच्या देखरेखीखाली होते ते सगळे त्या दिवशी बंद करून पुसले जायचे. त्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, आणि परत चालू करताना एखादा तरी रुसून बसायचा. वर्षभर धड चालणारी मशीनं पूजेनंतरच बिघडतात, असं तो म्हणायचा. पण पूजा करू नका हे सांगायची त्याची छाती नव्हती. रत्नागिरीच्या आईच्या धाकात वाढलेला माणूस, स्वतःच्या स्क्रूड्रायव्हरलाही फूल वाहायचा.

गोडदेवच्या वासंतीकाकूंचा सर्व्हर रुसायचा नाही, नुसता कुरकुरायचा. काकूंचे यजमान धर्माजी म्हणजे लग्नाच्या शूटिंगमधलं जुनं नाव. उत्तनपासून गोडदेवपर्यंत कुणाच्याही घरी हळद लागली की अंगणात धर्माजीकाकांचा कॅमेरा उभा राहायचाच. ते सगळं शूटिंग साठवायला निकेतनेच बंद पडलेल्या एका ऑफिसातला सर्व्हर आणून दिला होता. डिस्क सांभाळणारं एक कार्ड त्यात होतं, पण ते इतकं जुनं की निकेतचा त्याच्यावर भरवसा बसेना. मग त्याने सॉफ्टवेअर रेड (RAID) केलं, म्हणजे कार्डाला बाजूला ठेवून दोन्ही डिस्क थेट लिनक्सच्या हवाली केल्या. एकीवर लिहिलं जाईल तेच दुसरीवरही, एक गेली तरी दुसरी आहे. कार्डाला हे कोण सांगणार? मशीन चालू केलं की ते लाल अक्षरांत गाऱ्हाणं घालायचं, माझ्याकडे एकही डिस्क सोपवलेली नाही, पुढे जायचं तर बटण दाबा.

कार्डाच्या सेटिंगमध्ये जाऊन हे गाऱ्हाणं कायमचं बंद करता आलं असतं. चहा निवेपर्यंतचं काम. पण निकेतचं दरवर्षी ठरलेलं, पुढच्या वेळी करू. शेवटी कंटाळून त्याने काकूंनाच शिकवून ठेवलं.

"लाल अक्षरं आली तर घाबरायचं नाय, काकू. कुठलंही बटण दाबा, जाईल पुढे."

रोज मरे त्याला कोण रडे. काकू नारळ फोडायच्या, माळ घालायच्या आणि बटण दाबायच्या. पूजेतला तोही एक उपचार होऊन बसला.

मग काकांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. ज्या माणसाने गावभरच्या वरातींना आवाज देऊन रांगेत उभं केलं, त्याला आता पाणी मागता येईना. दुपारी काकू त्यांना स्क्रीनसमोर बसवायच्या आणि जुनं कच्चं शूटिंग लावून द्यायच्या. त्यात कॅमेऱ्यामागून काकांचा आवाज यायचा. "वहिनी, पदर सावरा. करवली कुठं हाय? नवरदेव, जरा हसा की, फाशी देत न्हाय तुम्हाला." काका ते ऐकून डावा हात उचलायचे, हसायचे. आतून काकू हुंकार द्यायच्या. बाहेरच्याला वाटावं, दोघं गप्पा मारतायत. निकेत एकदा दारातच थांबून ऐकत राहिला होता.

त्यानंतरच्या दसऱ्याला लाल अक्षरांखाली आणखी दोन ओळी आल्या. काकूंना इंग्रजी बेताचंच, पण दरवर्षीपेक्षा मजकूर जास्त आहे हे त्यांनी ओळखलं. स्क्रीनचा फोटो काढून त्यांनी निकेतला पाठवला. त्याच्या व्हॉट्सॲपवर तेव्हा आपट्याच्या पानांचा नुसता खच पडला होता. सोनं घ्या, सोन्यासारखं राहा. तो एकही चित्र न उघडता ज्याला त्याला जोडलेले हात पाठवत सुटला होता. काकूंनाही तेच गेले. काकूंनी हात पाहिले आणि निश्चिंत मनाने बटण दाबलं.

एक डिस्क उत्तर देत नाही, असं त्या ओळींत लिहिलं होतं. सर्व्हर उरलेल्या डिस्कवर मुकाट चालत राहिला. होळीच्या सुमाराला तीही गेली.

निकेत दोन्ही डिस्क घेऊन मुंबईत गेलेला डेटा परत काढून देणाऱ्या चार ठिकाणी फिरला. सगळीकडे तेच उत्तर, आत काही उरलेलं नाही. तो रिकाम्या हाताने परत आला तेव्हा काकू काकांना पेज भरवत होत्या.

"दोन्ही एकदम कशा रे गेल्या?"

"एकदम नाय, काकू. एक आधीच गेली असणार."

"दसऱ्याला ना? म्हणून तर फोटो धाडलेला तुला. तू हात जोडलेस, म्हटलं ठीक हाय."

आवाजात राग असता तर त्याला बरं वाटलं असतं.

"मी तो फोटो उघडलाच नव्हता," निकेत म्हणाला.

काकूंनी काकांची हनुवटी पुसली आणि पुढचा चमचा भरला.

मग निकेत जुन्या गिऱ्हाइकांची दारं ठोठावत हिंडला. काकांनी बनवून दिलेल्या लग्नाच्या फिल्म लोकांच्या कपाटात होत्या, कुणी पेन ड्राइव्ह दिला, कुणी सीडी. उत्तनच्या मंदाने तर भाच्याच्या लग्नाची फिल्म मासळी वाळत टाकायचं सोडून शोधून दिली. नव्या डिस्कवर त्याने सगळं चढवलं, लाल अक्षरं बंद केली, काकांची खुर्ची पुढे ओढली आणि फिल्म लावली.

सनई वाजू लागली. त्याने पुढे सरकवलं, तरी सनईच. दुसरी फिल्म लावली, तिच्यात सिनेमाची गाणी. तो एकामागून एक उघडत गेला.

काकू पदराला हात पुसत बाहेर आल्या. "अरे, ही पार्टीला दिलेली. ह्यात ह्यांचा आवाज कसा असंल? द्यायच्या आधी हे स्वतःच काढून टाकायचे. म्हणायचे, लग्न त्यांचं, मधी माझी बडबड कशाला."

निकेतचा हात माउसवरच राहिला. स्क्रीनवर मंदाची भाचेसून हळदीच्या पाटावर मान खाली घालून बसली होती. अचानक तिने कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि खळखळून हसली. तिच्या हसण्यावरही सनईच वाजत होती.

काकांचे ओठ हलले.

काकू त्यांच्याजवळ वाकल्या. "काय म्हणाला होतात हो तिला?"