ताट एक, सुई वेगळी

धुळ्याला हायवेच्या कडेला माझी खानावळ होती. ट्रकवाले, गॅरेजवाले, एस.टी.चे कंडक्टर माझ्याकडे जेवायचे आणि वर बोलणीही खायचे. ताटात भाजी टाकली की मी कोणाचीच गय करत नसे. धाकटा भाऊ माझ्या हाताखाली होता. तो तेवढा माझी बोलणी हसत खायचा.

नव्वदनंतरच्या त्या वर्षांत त्याला गर्दचं व्यसन लागलं. आधी ओढायचा, मग टोचून घ्यायला लागला. ट्रक थांबायचे तिथे चौघांचं टोळकं जमायचं आणि चौघांत सुई एकच. नियम मात्र कडक होता: परक्याची सुई घ्यायची नाही आणि आपली परक्याला द्यायची नाही. एका ताटात जेवणाऱ्यांना एकमेकांची कसली भीती, असं त्यांचं म्हणणं. एकदा एकाने स्वतःची सुई आणली तर बाकीचे रुसून बसले. "तुनी सुई येगळी कशाले? आमी काय परका शेतस का?" बिचाऱ्याने सुई फेकून दिली आणि वर माफी मागितली. हे सांगताना मला आजही हसू येतं आणि हात शिवशिवतात.

भाऊ दवाखान्यात राहून व्यसनातून सुटला, पण रक्ताच्या तपासणीत एचआयव्ही निघाला. आम्ही त्याला सोनगीरला आईकडे नेलं. आईने धसक्याने त्याचं ताट वेगळं काढलं. इतर ताटांत मिसळू नये म्हणून काठावर नेलपॉलिशचा लाल ठिपकाही लावला. ते ताट बघून माझं डोकं फिरलं. मी धुळ्याच्या डॉक्टरांना जाऊन खडसावून विचारलं. ते शांतपणे म्हणाले, "बाई, एका ताटात जेवल्याने हा आजार होत नाही. एकाची सुई दुसऱ्याने टोचली, तर होतो."

म्हणजे जिथे घाबरायचं तिथे ही पोरं छाती काढून उभी आणि जिथे घाबरण्यासारखं काहीच नाही तिथे आमची आई ठिपके लावत बसलेली! घरी आले, ते ठिपक्याचं ताट कोंबड्यांच्या दाण्याला लावलं, भावाला घरातल्या ताटात वाढलं आणि त्याच्या शेजारी बसून त्याच ताटात जेवले. आई रडली, मग डोळे पुसून तिने आम्हा दोघांना मिळून भाकरी वाढली.

भावाला मात्र दुसरीच काळजी होती. टोळक्यातला त्याचा जिवाचा मित्र ट्रकांच्या नंबरप्लेटा रंगवायचा. तो अजून टोचून घेत होता, तेही त्याच जुन्या सुईने. तपासणीचं नाव काढलं की पळायचा. भाऊ म्हणायचा, "अक्का, मनं जे व्हयनं ते व्हयनं. हाऊ वाचाले पाहिजे."

त्या हिवाळ्यात आम्ही शेतात भरीत केलं. आमच्याकडे थंडीत भरीत म्हणजे सणच, आणि भरताला हात लावावा तर माझ्या भावानेच. कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या जाळावर मोठी हिरवी वांगी काळी होईपर्यंत भाजायची, लाकडी बडजीत मिरची-लसणासोबत ठेचायची आणि कांद्याची पात घालून तेलात परतायची. ठेचताना तो गात होता. वास शिवारभर सुटला होता आणि मला कितीतरी दिवसांनी पोटभर भूक लागली होती.

मित्र आला. काखेत घरून आणलेलं स्टीलचं ताट आणि शर्टाच्या खिशातून डोकावणारी सिरिंज! मी काही बोलायच्या आत भावाने परातीएवढं थोरलं ताट पुढे ओढलं, त्यात भरीत वाढलं आणि म्हणाला, "बस."

मित्र उभाच. "भाऊ, माले भ्याव वाटस."

"कशानं?"

"तुना ताटनं."

भाऊ इतका हसला की त्याला ठसका लागला. मग त्याने मित्राच्या खिशाकडे बोट केलं. "आरे येड्या, ताट येक चालस. सुई येक नई चालस. भ्यावानं ते तुना खिसामा शे!"

मित्र माझ्याकडे बघू लागला. मी म्हटलं, "माझ्याकडे काय बघतोस? मी रोज जेवते त्याच्या ताटात. दिसते का मेलेली?" मी रिकामा डालड्याचा डबा पुढे केला. त्याने सिरिंज डब्यात टाकली, मी झाकण घट्ट लावलं. मग तो बसला आणि दोघांनी मिळून इतकं भरीत हाणलं की मला ताट खरवडावं लागलं.

व्यसन त्याला लगेच सुटलं नाही, खोटं कशाला सांगू? पण त्या दिवसानंतर त्याने कोणाची सुई घेतली नाही की आपली दिली नाही. नव्या सुया आणायचं काम माझ्याकडे आलं. मेडिकलवाला विचारायचा, "बाई, इतक्या सुया? कोंबड्यांना लस टोचता काय?" मी म्हणायचे, "हो ना. एक कोंबडा फार माजलाय." तो कोंबडा खानावळीत जेवायला बसला की भाऊ त्याच्याकडे बघून आरवायचा.

शेवटी मित्र भावाचा हात धरून तपासणीला गेला. पहिला रिपोर्ट चांगला आला, पण डॉक्टर म्हणाले, तीन महिन्यांनी पुन्हा बघू. त्या तीन महिन्यांत तोही दवाखान्यात राहून व्यसनातून सुटला. दुसऱ्या रिपोर्टच्या दिवशी मी खानावळ बंद ठेवली आणि दाराशी उभी राहिले. दोघे रिक्षातून उतरले आणि माझा भाऊ भर रस्त्यात नाचायला लागला. त्याचा स्वतःचा रिपोर्ट असा चांगला आला असता, तरी तो इतका नाचला नसता. मी तिथेच पायरीवर बसून रडले. आनंदानेच.

भावाने समोरच्या हलवायाकडून जिलबी आणली. पहिलीच जिलबी घाईघाईने तोंडात घातली, अर्धी तोडली आणि मग त्याला मित्राची आठवण झाली. "थांब, तुले दुसरी देस," असं म्हणून तो पुड्यात हात घालू लागला.

मित्राने त्याचं मनगट धरलं आणि ती उष्टी अर्धी जिलबी त्याच्या बोटांतून काढून खाल्ली.