आयसीयूतले बूट

वर्ध्याजवळच्या सिंदी मेघेच्या वच्छलाबाई भोयर यांनी तीस वर्षं आयसीयूत आयाचं काम केलं. तेवढ्या वर्षांत त्यांच्या दारातून पायताणासकट कुणाची आत जायची टाप नव्हती, मग तो पेशंटचा भाऊ असो की मोठा सर्जन. त्या रिटायर झाल्या आणि गावात सिनेमावाले आले. मरणाऱ्या म्हातारीच्या कामासाठी त्यांनी नेमकं वच्छलाबाईंनाच निवडलं.

काम सोपं होतं. मंगल कार्यालयात मांडलेल्या खोट्या आयसीयूत खाटेवर पडायचं, हिरो डॉक्टर धावत आला की शेवटचा श्वास घ्यायचा आणि मान टाकायची. बाईंनी घरी सुनेसमोर चारदा मान टाकून पाहिली होती.

हिरो धावत आला. बाईंनी श्वास घेतला, आणि अर्धवट मिटल्या डोळ्यांना त्याचे चिखलाचे बूट दिसले. मरणारी म्हातारी ताडकन उठून बसली.

"डॉक्टरसाहेब, पयले बूट बाहेर काढा."

हिरो मुकाट्यानं वळला आणि दाराशी जाऊन बूट काढू लागला. दिग्दर्शक हसून हसून खाली बसला. त्यानं प्रसंग तसाच ठेवला आणि सिनेमातली म्हातारी वाचली.

वर्ध्याच्या थिएटरात सिनेमा पाहताना शेजारीण सखूनं विचारलं, "वो माय, तू तं मरणार होती ना?"

"मरूनच राह्यली होती," वच्छलाबाई म्हणाल्या, "पण बूट दिसले ना."

पलीकडच्या खुर्चीवर त्यांच्या आयसीयूतले जुने सर्जन बसले होते. त्यांनी हळूच आपले पाय खुर्चीखाली ओढून घेतले.